जत्रेमागून जत्रा

नवरात्रात कोल्हापूरला जाऊ नये, असं खुद्द कोल्हापूरकरच सांगतात. लॉजचे दर चढलेले असतात, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते आणि मिसळीसाठीसुद्धा ताटकळावं लागतं. मी मात्र तेच दिवस धरून गेलो. देवीचं दर्शन हे एक कारण होतंच, नाही म्हणत नाही. पण देवस्थानांची गावं हिंडताना एक गोष्ट बरीच वर्षं खटकत होती. पंढरपूरला देवळाच्या वाटेवर गंध लावणारं, पेनं विकणारं, फुगे नाचवणारं पोर दिसायचं. मग तसलंच पोर चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर दिसायचं. वार कुठलाही असो, घड्याळात शाळेची वेळ असायची. आणि कोल्हापूर म्हणजे असं गाव, जिथल्या राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शाहूंच्या गावात शाळेच्या वेळेला रस्त्यावर किती पोरं असतात, ते एकदा सवडीनं बघावं असं मनात होतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो ते छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर. पुढं शहरभर महाराज भेटत राहतात. मार्केट यार्ड त्यांच्या नावानं, मिल त्यांच्या नावानं, स्मारक भवन त्यांच्या नावानं. पिशवी लॉजवर टाकली आणि बिंदू चौकातून भवानी मंडपाकडं चालू लागलो.

महाद्वाराच्या अलीकडं तो भेटला. दहा-अकरा वर्षांचा असेल. हातात स्टीलची ताटली, तिच्यात तीन वाट्या चिकटवलेल्या: एकीत कुंकू, एकीत ओलं अष्टगंध, एकीत बुक्का. उजव्या हातात तारेचा त्रिशूळ. तार जाड, टोकांना वळवून घट्ट केलेली, मुठीजवळ सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. मी नाही म्हणायच्या आत त्यानं त्रिशूळ गंधात बुडवून कपाळाजवळ आणला होता.

“आईचं गंध हाय काका. धा रुपये.”

लावून घेतलं. त्याची लावण्याची पद्धत बघण्यासारखी होती. डाव्या हाताची करंगळी माझ्या कानशिलाला टेकवून तो आधी डोकं स्थिर करायचा, मग एका दाबात ठसा. जरा कडेला सांडलं तर अंगठ्यानं पुसून घ्यायचा. शेजारी त्याची बहीण होती, सात-आठ वर्षांची, गळ्यात अडकवलेल्या पुठ्ठ्यावर देवीच्या फोटोच्या किचेन लावून. किचेन पंधराला एक. मी तीन घेतल्या आणि गंधाचे मिळून शंभरची नोट दिली. मुलीनं नोट भावाकडं दिली. तो पुटपुटला, “पंचेचाळीस अन् धा, पंचावन्न. पाच दिलं की साठ. मंग चाळीस.” आधी पाचचं नाणं, मग दहाच्या चार नोटा हातावर ठेवल्या. हिशेब करायला त्याला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

खिशातली वही काढून मी त्याच्यासमोर एकाखाली एक लिहिलं, शंभर, खाली पंचावन्न, डावीकडं वजाची खूण, खाली रेघ. त्यानं वाकून बघितलं. वरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “शंभर. नोटंवर असतंय.” खालच्यावर जरा थांबला. मग हसून ताटली सावरली. “हे शाळंतलं हाय.”

“शाळेत जातोस?”

“नाव हाय की. चौथीत.” गावाचं नाव सांगितलं, ते शेजारच्या जिल्ह्यातलं निघालं.

“मग आज शाळा नाही?”

“आज चौथी माळ हाय.” मला एवढंही कळत नाही, असा त्याचा चेहरा होता.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांवर तीन संशोधकांनी केलेला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्हा न्यूनेस आणि त्यांचे सहकारी साधे गिऱ्हाईक बनून मुलांकडं जायचे. एक नारळ पस्तीसला, तर दहा कितीला? एका बारा वर्षांच्या पोरानं उत्तर दिलं ते असं: तीनचे एकशे पाच, आणखी तीनचे दोनशे दहा, आणखी तीनचे तीनशे पंधरा, वर एक, म्हणजे साडेतीनशे. दहानं गुणायचं तर पुढं शून्य द्यावं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं किंवा सांगितलेलं त्यानं घेतलं नव्हतं. बाजारात त्या मुलांची अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली तेव्हा बरोबर उत्तरं सदतीस टक्क्यांवर घसरली. अलीकडं, २०२५ साली, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूनं दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांतल्या मुलांवर असाच अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला. बाजारातली पोरं अवघड देवघेव तोंडी करतात आणि शाळेतल्या साध्या भागाकाराला अडतात. शाळेतल्या पोरांचं नेमकं उलटं होतं, आणि हे वाचून शाळेबद्दलही फार अभिमान वाटायचं कारण उरत नाही.

त्यामुळे या पोराला शाळेत नेऊन ‘शहाणं’ करायचं आहे, असं मी म्हणणार नाही. तो शहाणाच आहे. फक्त त्याचं शहाणपण शंभराच्या नोटेला संपतं. होलसेलवाल्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय, एस.टी.च्या पाटीवर कुठलं गाव आहे, कोऱ्या कागदावर बापाचा अंगठा कशासाठी घेतलाय, हे त्याला दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं लागतं.

दुपारी दसरा चौकात गेलो. गर्दीतून सुटून इथं आलं की जरा श्वास घेता येतो. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला त्यांच्या काळच्या बोर्डिंगांच्या इमारती. या शहरात येऊन लोक रंकाळा बघतात, पन्हाळा बघतात, तांबडा-पांढरा ओरपतात. बोर्डिंगा मुद्दाम बघायला येणारं कुणी मला तरी माहीत नाही. मला मात्र कोल्हापुरात याहून बघण्यासारखं काही वाटत नाही. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१, जैन बोर्डिंग त्याच साली, मुस्लिम बोर्डिंग १९०६, लिंगायतांचं १९०७, अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८. सक्तीचा कायदा आला १९१७ला. सक्तीच्या आधी सोळा वर्षं महाराज मुलांच्या झोपण्या-जेवणाची सोय करत होते. खेड्यातला पोरगा शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्यांनी आधी त्याच्या मुक्कामाच्या ठिकाणात शोधलं.

मग सक्ती आली तीही नावापुरती नव्हती. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या वेळचा रुपया शेतमजुराला जड होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली इंग्रज सरकारपुढं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं, ते पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. जे साम्राज्याला जमलं नाही किंवा जमवायचं नव्हतं, ते एका संस्थानानं करून दाखवलं. भटक्यांकडंही महाराजांचं लक्ष होतं. गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं ज्या फासेपारध्यांना रोज हजेरी द्यावी लागायची, त्यांची हजेरी त्यांनी बंद केली आणि त्यांना संस्थानात काम दिलं.

आजचा कायदा २००९चा, अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, दंड मात्र काही नाही. मला हे बरोबरच वाटतं. गंध लावून घर चालवणाऱ्या बाईकडून दंड वसूल करून कुणाचं काय भलं होणार? पण दंड काढून घेतला, तर बोर्डिंग तरी द्यायला हवं होतं. महाराजांनी दोन्ही दिलं. आपण दंड सोडला आणि बोर्डिंग ऊसतोडीपुरतं ठेवलं.

ऊसतोडीचं म्हणतो ते एका गुरुजींकडून कळलं. शहरातल्याच एका प्राथमिक शाळेत ते शिकवतात आणि ‘बालरक्षक’ म्हणून शाळाबाह्य मुलं शोधायचं कामही करतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर भेटलो. तिथल्या पोरांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे: रबरानं आभाळात उडवायची लायटीची हेलिकॉप्टरं, फुगे, खारे शेंगदाणे. बरीच पोरं शाळा सुटल्यावर आलेली, गणवेशाची पँट तशीच. गुरुजींना त्यांची चिंता नव्हती. “ही माझीच आहेत. सकाळी वर्गात असतात,” म्हणाले. भेळेच्या गाड्यावर एक पोरगा त्यांना बघून बशी मागं लपवायला लागला, तेव्हा त्यांनीच त्याला जवळ बोलावून सहामाहीचा अभ्यास विचारला.

खरी अडचण त्यांनी मग सांगितली. शाळाबाह्य मूल कोणतं? ज्याचं नाव कुठल्याच पटावर नाही ते, किंवा नाव असून सलग महिनाभराहून जास्त गैरहजर आहे ते. कायद्यानं आठवीपर्यंत कुणाचं नाव काढून टाकता येत नाही. आता महाद्वारातलं ते पोर घ्या. गावच्या शाळेत त्याचं नाव आहे. नवरात्राचे दहा-बारा दिवस इथं, मग घरी. चार दिवस शाळेत, मग पुढची जत्रा. महिना सलग कधी भरतच नाही. पटावर ते आहे, पुस्तकं त्याच्या नावानं येतात, खिचडीच्या हिशेबात ते कधी असतं कधी नसतं. कागदावर तो मुलगा शाळेत आहे.

“२०१५ची गंमत सांगू का?” गुरुजी म्हणाले. ती मलाही आठवत होती. ४ जुलै २०१५ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली. शिक्षक घराघरांत, पुलांखाली, स्टँडवर फिरले. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती. गुरुजी त्या दिवशी स्टँडवर होते. पोरांना वाटलं, काहीतरी वाटतायत. एका पोरीनं दोन्ही हात पुढं केले. “पण जुलै निवडला बघा. आषाढी सोडली तर पावसाळ्यात जत्रा कुठं असतात? निम्मी पोरं तेव्हा गावात, शाळेत. नवरात्रात मोजलं असतं तर आकडा वेगळा आला असता.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला कुठल्या अहवालात वाचल्याचं आठवत नाही. अशी पोरं त्यांच्या वर्गात मधूनमधून येतात, दोन आठवडे बसतात, जातात. त्यांना ते पुस्तक वाचायला देतात. पहिले दोन-तीन धडे पोरं घडाघडा वाचतात, वाचतात म्हणजे पाठ म्हणतात. चौथ्या धड्याला गाडी थांबते. दुसरीचं पुस्तक द्या, तिसरीचं द्या, तेच. जून ते सप्टेंबर ती गावात असतात, तेवढाच भाग त्यांना येतो. मग पुढची इयत्ता, पुन्हा पहिले धडे. “प्रत्येक वर्षाचा पावसाळा तेवढा शिकलेला असतो,” गुरुजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी महाद्वारात त्या गंधवाल्याला मी मुद्दाम विचारलं. तिसरीच्या पुस्तकातली पहिली कविता त्यानं गर्दीत उभ्या उभ्या म्हणून दाखवली. दुसरी कुठली, ते त्याला आठवेना.

स्थलांतरित मुलांसाठी सरकारनं काही केलेलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे ते जिथं जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे आईबाप कारखान्यावर गेले तरी मूल गावात राहतं. कोल्हापुरातच अनुराधा भोसले यांच्या ‘अवनि’ संस्थेनं वीटभट्ट्यांवर शाळा चालवल्या. स्वतः लहानपणी बालकामगार म्हणून राबलेल्या या बाईंना भट्टीवरचं पोर शाळेपर्यंत का पोचत नाही, हे कुणी समजावून सांगायला लागलं नाही. त्या शाळाच भट्टीवर घेऊन गेल्या. पण ऊस आणि वीट दोन्ही सहा-सहा महिन्यांचे हंगाम. माणसं एका जागी राहतात. जत्रेचं स्थलांतर तुकड्या-तुकड्यांचं, दहा दिवस इथं, पाच दिवस तिथं. गुरुजींच्या मते ते कुठल्याच योजनेच्या रकान्यात बसत नाही. दहा दिवसांसाठी मूल वर्गात बसवलं तर त्याला नाव सांगायलाच चार दिवस लागतात. त्यात कित्येकांची घरची बोली वेगळी. गिऱ्हाइकाशी मराठी, आपसात वेगळंच.

पाचव्या माळेला त्र्यंबोलीला निघालो. अंबाबाई या दिवशी पालखीतून टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कथा अशी, की असुरांना मारायला मदत केलेल्या त्र्यंबोलीला विजयोत्सवाचं बोलावणंच गेलं नाही, ती रुसून पाठ फिरवून टेकडीवर बसली, आणि मग अंबाबाई स्वतः तिला भेटायला गेली. अजून जाते. बोलावणं न गेलेल्यांची आठवण ठेवणारा सण मला तरी दुसरा माहीत नाही.

रिक्षावाल्याशी वाटेत विषय निघाला. सिग्नलला एक पोर मोबाइलचे स्टँड घेऊन रिक्षाशी आलं होतं.

“घेऊ नका पावणं,” तो म्हणाला. “त्यास्नी मागनं पाठवणारी असत्यात.”

मी काही बोललो नाही. शंभर पावलं गेल्यावर त्यानंच बाजू बदलली. “आणि काम केलं म्हणून काय बिघडतंय ओ? कलामसाहेबांनी पेपर टाकलं. आमी बी सकाळी दूध घालून शाळंत गेलो. नुसतं बसून खाणाऱ्यांपेक्षा बरं की न्हाई?”

हे दोन्ही युक्तिवाद महाराष्ट्रात कुठंही ऐकायला मिळतात, बऱ्याचदा एकाच तोंडून. दुसऱ्याला कोल्हापुरात वजनही जास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले, आणि ‘कमवा व शिका’ ही योजना त्यांचीच. पण कर्मवीरांच्या पोरांनी खडी फोडली ती वसतिगृहात राहून, शाळेच्या वेळेला शाळेत बसून. कलामांनी पेपर टाकले ते सकाळी, शाळेच्या आधी. रिक्षावाल्यानंही दूध घातलं आणि मग शाळा गाठली. तिघांनाही त्याच गावात शाळा होती आणि त्याच गावात मुक्काम. मी एवढं म्हणालो. तो म्हणाला, “ते बी खरं हाय,” आणि टेकडीच्या खाली मला उतरवून मीटरपेक्षा वीस जास्त घेतले.

टेकडीवर तुडुंब गर्दी. कोहळा फोडायचा मान कुमारिकेचा असतो. गुरव घराण्यातली लहान मुलगी, नऊवारी, अंगावर दागिने, तिची आधी पूजा होते, छत्रपती घराण्यातले लोक हजर असतात. मग कोहळ्यावर घाव पडतो आणि फोडी मिळवायला लोकांची झुंबड उडते. मी लांब होतो; मला फक्त उसळलेली डोकी आणि हात दिसले. त्या झुंबडीत जवळच्या मंडपाच्या खांबाला धरून किचेनवाली पोरगी उभी होती. चेंगराचेंगरीत पुठ्ठा मोडू नये म्हणून तिनं तो पोटाशी उलटा धरला होता. गर्दी सुटायला लागताच तिनं तो पुन्हा सुलटा केला.

तिची आई खालच्या उतारावर ताडपत्री अंथरून बसली होती. प्लॅस्टिकच्या गाड्या, भोवरे, बासऱ्या, टिकल्यांची पाकिटं. कडेवर एक तान्हं. मी किचेन दाखवल्या तेव्हा ओळख लागली. बोलायला ती तयार होती, फक्त गिऱ्हाईक आलं की मी बाजूला सरकायचं, हे तिनं आधीच सांगितलं.

माल होलसेलवाल्याकडून उधारीवर येतो. विकला तेवढ्याचे पैसे द्यायचे, उरला तो परत. तुटलेला मात्र आपला. ताडपत्री कुठंही टाकता येत नाही. शहरात अतिक्रमणवाले उचलून नेतात, जत्रेत जागेचं भाडं. पोराच्या हातात ताटली असते, ती कोण जप्त करणार? “मला रांगंत कोन सोडतंय? पोरगं आत शिरतंय,” ती म्हणाली. पोरांना रस्त्यावर आणणाऱ्या कारणांत गरिबी आहेच, पण हेही कारण आहे: मोठ्या माणसाला विकायला जागा नाही, पोराला जागा लागत नाही. फेरीवाल्यांच्या २०१४च्या कायद्यानं विक्रीचा परवाना चौदा वर्षं पूर्ण झालेल्यालाच मिळतो, आणि तो ज्या त्या शहराच्या सर्वेक्षणात नाव लागलं तर. हिचं नाव कुठल्या शहराच्या यादीत लागणार? बालमजुरीचा कायदा २०१६ला दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला सगळी कामं बंद, पण कुटुंबाच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावायला हरकत नाही. कुणी विचारलं तर हिची पोरं हातभारच लावतायत. शाळा कधी सुटली, हे कोण विचारणार?

“इथनं कुठं?” मी विचारलं.

तिनं बोटांवर मोजलं. दसरा झाला की पट्टणकोडोली, बिरोबाची जत्रा. मग कार्तिकीला पंढरपूर. मार्गशीर्षात म्हसवड, तिथनं सौंदत्ती, दत्तजयंतीला वाडी, पण वाडी-सौंदत्ती एकाच पुनवेला पडतात, तेव्हा नवरा एकीकडं आणि ती एकीकडं. पौषात मांढरदेव, पाल. फाल्गुनात आदमापूर, बाळूमामाचा भंडारा. चैत्रात शिंगणापूर आणि लगेच जोतिबा. आषाढात पुन्हा पंढरपूर. मी वहीत लिहून घेत होतो. ती थांबून म्हणाली, “लिव्हताय कशाला? देवांचं ठरलेलं असतंय.”

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि त्यातल्या सुट्ट्या शिक्षण खातं ठरवतं. हिचं वर्ष पंचांगावर चालतं आणि भाविक जिकडं जातील तिकडं जातं. भाविक म्हणजे मी, तुम्ही, कपाळावर दहा रुपयांचं गंध लावून घेणारे सगळे. आम्ही सुट्टी काढून जातो, म्हणून यांची शाळा बुडते. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’त गाढवांच्या पाठीवरच्या बिऱ्हाडामागं चालत शाळा गाठणारं कैकाड्याचं पोर आहे. ते पुस्तक १९८० साली आलं. त्या पोराच्या बापानं हट्ट धरला होता. गावागावांत नव्या शाळेत नाव घालून त्यानं पोराला शिकवलं. अशा एका बापावर भरवसा ठेवून योजना आखता येत नाहीत, पण आपण बहुतेक त्याच भरवशावर आहोत.

गुरुजींनी मला एक चिठ्ठी दिली होती. कोल्हापुरात मुलगा ठेवायचा असला तर कुणाला भेटायचं, त्याचा नंबर. मी ती बाईला दिली. तिनं वाचायला पोराकडं दिली, पोरानं आकडे एकेक करून वाचले, अक्षरं सोडून दिली.

“ठेवून घेत्यात व्हय?” तिनं विचारलं. “दोगांस्नी?”

मी म्हणालो, मुलाचं तरी बघा. मुलींचं वेगळं वसतिगृह असतं.

“पोरीला न्हाई ठेवत मी. तान्ह्याला कोन बगणार? अन् पोरगं गेलं तर गंध कोन लावणार?” मग जरा विचार करून म्हणाली, “दिवाळीला आमी गावात असतोय. पंधरा-वीस दिस. कुठं जत्रा नसती. तवा बसवायचं का शाळंत?”

दिवाळीला शाळेला सुट्टी असते, असं मी सांगितलं.

“मंग काय तर,” ती म्हणाली. समोर एक आजी नातवाला घेऊन उभ्या राहिल्या होत्या. बाई त्यांना भोवऱ्याचा भाव सांगायला लागली आणि मी ठरल्याप्रमाणं बाजूला सरकलो.